पृथ्वीत हवा कमी होती

मोहनरावांनी कऱ्हाडच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. एवढ्या वर्षांत भूगोलातली एक गोष्ट म्हणून त्यांना कुणी आपणहून विचारली नाही. मुलं विचारायची ते एवढंच, की सर, हे परीक्षेला आहे का? त्यामुळे रिटायर होऊन, मुलाकडे हॉलंडमधल्या फेल्डहोवनला येऊन, सोफ्यावर पाय वर घेऊन बसले तरी माणूस मनातून उपाशीच होता. कुणीतरी यावं, समोर बसावं आणि म्हणावं, "मोहनराव, इथून मुंबई किती लांब हो?" बस, एवढीच इच्छा. पण हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात फोन. भूगोलाच्या मास्तराला विचारतंय कोण!

आणि गंमत बघा, शेवटच्या पंधरा दिवसांत त्या घरात ॲमस्टरडॅम ते मुंबई ह्या अंतराशिवाय दुसरा विषय नव्हता. तरीही त्यांना कुणी विचारलं नाही.

त्याची सुरुवात मात्र त्यांनीच केली होती. व्हिसा होता नव्वद दिवसांचा. मोहनरावांनी नव्वद दिवस म्हणजे तीन महिने असा सरळ हिशोब करून तेरा जुलैला यायचं आणि बारा ऑक्टोबरला जायचं तिकीट काढलं होतं. समोरच्या घरातला राजानंद एकदा चहाला आला आणि बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाला, "काका, तुम्ही दोन दिवस बेकायदा राहणार आहात वाटतं."

मोहनरावांचा कप हवेतच राहिला.

"जुलै एकतीसचा, ऑगस्टही एकतीसचा," राजानंद म्हणाला. "शिवाय उतरलात तो दिवस धरतात, निघाल तोही धरतात. दहा तारखेला तुमचे नव्वद भरतात."

मोहनरावांनी मूठ आवळून बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजले. मग दुसऱ्या हाताची मूठ आवळून मोजले. दोन्ही हात राजानंदच्याच बाजूचे निघाले. ज्या माणसाने पोरांच्या चार पिढ्यांना ही मूठ आवळायला शिकवली, त्याने स्वतःचं तिकीट काढताना मूठ उघडीच ठेवली होती. अभिरामने, म्हणजे मुलाने, बाबांना एका शब्दाने बोल लावला नाही. त्याने निमूटपणे तिकीट दहा तारखेचं करून घेतलं. त्या न बोलण्याचाच मोहनरावांना जास्त राग आला.

तेवढ्यात लीलावतीबाई आतून कॅलेंडर घेऊन आल्या. हे कॅलेंडर त्यांनी कऱ्हाडहून आणलं होतं, गुंडाळी करून, साडीच्या घडीत. त्या म्हणाल्या, "अहो, दहाला संकष्टी आहे."

"असू दे की. दर महिन्याला असते."

"ही एकविसावी आहे."

अभिरामची बायको भार्गवी स्वयंपाकघराच्या दारात होती, तिने स्वानंदीला कडेवर जरा घट्ट धरलं.

ही स्वानंदी आठ आठवडे आधीच जगात आली होती. वजन चौदाशे ग्रॅम. एक बरी पपई घ्या, तेवढी. काचेच्या पेटीत झोपलेली, नाकात नळी. आजीआजोबा कऱ्हाडला. त्या वॉर्डात मारेके नावाची एक उंच नर्स होती. ती रोज दुपारी भार्गवीचा फोन हातात धरून पेटीजवळ उभी राहायची आणि पलीकडे लीलावतीबाई आपल्या ओट्यापाशी उभ्या राहून नातीचा श्वास बघायच्या. पोट वर, पोट खाली. मराठीचा एकही शब्द न कळणारी ती नर्स दहा दहा मिनिटं हात न हलवता उभी राहायची. त्या ओट्यापाशीच लीलावतीबाईंनी बोलून ठेवलं, की पोर घरी आली तर एकवीस संकष्ट्या करीन, प्रत्येकीला चंद्र बघूनच जेवीन. पोर घरी आली. आता ती पावणेदोन वर्षांची होती आणि घरातल्या कुठल्याही खणात काही राहू देत नव्हती. ह्या वेळी आल्याबरोबर लीलावतीबाईंनी आधी मारेकेला चिवड्याचा डबा नेऊन दिला. मारेकेने तो तिथेच उघडला, हिरवी मिरची खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत हसली. वीस चंद्र झाले होते. एकच राहिला होता, आणि तो आता विमानात उगवणार होता.

"घरी जाऊन बघू की," मोहनराव म्हणाले.

"विमान मध्यरात्रीनंतर उतरतं. मग सामान, मग टॅक्सी. तारीख बदलते हो."

"तारीख बदलली तरी चंद्र तोच असतो."

लीलावतीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

तेव्हा मोहनरावांच्या लक्षात आलं की देवाने त्यांच्यासाठी भूगोलाचा पेपर काढलाय. विमान पूर्वेकडे धावणार, चंद्र पूर्वेकडून वर येणार, दोघांची गाठ कुठे आणि किती वाजता पडेल? त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. स्वानंदीचा फुगवायचा पृथ्वीचा गोल होता, तो घेतला. लीलावतीबाईंच्या पूजेच्या डब्यातला लाल दोरा घेतला. सोमवारी विषुववृत्ताला दोरा गुंडाळून प्रमाण काढलं आणि मंगळवारी ॲमस्टरडॅमवर एक टोक नि मुंबईवर दुसरं टोक धरून अंतर काढलं. वितीला तीन बोटं कमी. गुणाकार केला, उत्तर आलं सहा हजार शंभर किलोमीटर.

अभिराम ऑफिसातून आला. तो ज्या कारखान्यात आहे तिथे केसाच्या हजाराव्या भागाचीही चूक चालत नाही. त्याने सायकलचं हेल्मेट न काढता फोन बघितला. "बाबा, सहा हजार साडेआठशे आहे. साडेआठ तास."

"फोन सांगेल ते खरं, होय? मी स्वतः मोजलंय."

अभिरामने गोल दोन बोटांनी दाबून बघितला. मग शांतपणे म्हणाला, "पृथ्वीत हवा कमी आहे, बाबा."

सोमवार ते मंगळवार ह्या एका रात्रीत पृथ्वी आकसली होती. स्वानंदीने दक्षिण ध्रुवाचं बूच चावून ठेवलं होतं. भार्गवी हसत हसत आत पळाली. मोहनरावांनी मात्र रात्री जेवताना दहीसुद्धा हाताच्या खुणेने मागितलं.

ही बातमी मराठी मंडळाच्या ग्रुपवर कशी गेली देव जाणे, पण सकाळपर्यंत सत्तेचाळीस सल्ले आले होते. कुणी म्हणे ताटात पाणी घेऊन बघा. कुणी म्हणे फोनवर चंद्राचा फोटो चालतो, आमच्या मावशी तसंच करतात. एकाने विचारलं, विमान चंद्राच्या वर असतं का खाली? मोहनरावांनी त्याला उत्तर म्हणून तीन परिच्छेद लिहिले. त्याने त्याला अंगठा दाखवला.

शेवटी लीलावतीबाईंनी पुण्याला गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "ढग असले तर वेळ झाली की चालतं हो. जिथे असाल तिथली चंद्रोदयाची वेळ धरायची."

"गुरुजी, आम्ही विमानात असू."

"मग खाली कुठलं गाव आहे ते बघा," गुरुजी म्हणाले.

मोहनरावांनी गोल पुन्हा फुगवला, बुचाला चिकटपट्टी लावली आणि तीन रात्री बसून तक्ता तयार केला. कुठल्या तासाला खाली कुठला देश, तिथे चंद्र किती वाजता. निष्कर्ष असा, की विमान उडाल्यापासून साडेपाच तासांनी, इराणच्या अंगावर, डाव्या हाताच्या खिडकीतून चंद्र दिसेल. अभिरामने तो आपल्या पद्धतीने तपासला. साडेपाचच आले! मोहनरावांनी तो कागद फ्रिजवर लावला आणि त्या दिवशी चार वेळा विनाकारण दूध काढायला फ्रिजपाशी गेले. डाव्या खिडकीच्या जागा जास्तीचे पैसे भरून घेतल्या.

आता राहिल्या दूर्वा. लीलावतीबाईंनी सायकलच्या रस्त्याच्या कडेचं गवत मूठभर आणलं. राजानंदने ते उजेडात धरलं. तो वाखनिंगनच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात काम करतो, रोज गाडीने जाऊन येऊन. "काकू, ही हरळी नाही. हे लॉनचं गवत आहे."

"बाप्पाला कळतंय का रे?"

"बाप्पाचं मला माहीत नाही, आमच्याकडे संकष्टी नसते. पण गवत माझा विषय आहे. माझ्या देखत तुम्ही चुकीचं गवत न्यायचं नाही."

आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याची बायको प्रमिला एक डबा घेऊन आली. ओल्या टिपकागदात एकवीस जुड्या, प्रत्येकीला तीन पाती, सगळ्या एका लांबीच्या. तिकडच्या काचघरात कडेला तण म्हणून उपटतात, ते राजानंदने मागून आणलं होतं. प्रमिला म्हणाली, "काल रात्री फूटपट्टी घेऊन कापत बसला होता. मला हात लावू दिला नाही." लीलावतीबाईंनी तिच्या हातावर ओल्या नारळाचं सारण ठेवलं.

दहा तारखेला पहाटे भार्गवीने एकवीस मोदक उकडले. ॲमस्टेलव्हीनच्या दुकानातून पिठी आणली होती, कळ्या अकरा पडल्या काय नि सात पडल्या काय, पण फुटला एकही नाही. विमानतळावर सुरक्षातपासणीला डबा उघडावा लागला. तिथल्या दांडग्या माणसाने मोदक बघितले, दूर्वा बघितल्या, आणि तुपाची बाटली उचलली. "अडीचशे मिली. चालणार नाही."

"आत दोन चमचे आहे!" मोहनराव इंग्रजीत म्हणाले.

"बाटली अडीचशेची आहे."

"पण तूप घट्ट आहे. घट्ट म्हणजे द्रव नव्हे. सहावीच्या पुस्तकात आहे."

त्या माणसाने बाटली तिरकी केली. मोहनराव तासभर ती कोटाच्या आतल्या खिशात ऊब देत फिरत होते. तूप पाण्यासारखं ओघळलं. त्याने खांदे उडवले आणि बाटली कचऱ्याच्या पेटीत टाकली, पण डब्याचं झाकण त्याने स्वतः, दोन्ही हातांनी, मोदकांचे शेंडे न दाबता लावलं.

पुढे सगळं ओळीने बिघडत गेलं. विमान बदललं, म्हणून जागा बदलल्या. डाव्या खिडकीऐवजी मधल्या रांगेत, चहूकडून माणसं. विमान एक तास उशिरा उडालं. मोहनरावांनी उलटीच्या कागदी पिशवीवर नव्याने गणित मांडलं. विमानाला एक तास उशीर झाला, तरी चंद्राला अर्धाच तास उशीर होत होता, कारण आपणही त्याच्याकडे धावतोय. तेव्हा उडाल्यापासून साडेपाच नाही, पाच तास! हा शोध लागल्यावर त्यांना कुणाला तरी सांगावंसं वाटलं. डावीकडे लीलावतीबाई डोळे मिटून होत्या. उजवीकडे हेन्क नावाचा एक लालबुंद डच गृहस्थ कोडं सोडवत होता. मोहनरावांनी घसा खाकरला. हेन्कने त्यांना खोकल्याची गोळी दिली.

जेवण झालं, म्हणजे इतरांचं. आणि मग विमानभर खिडक्या काळ्या झाल्या. ह्या नव्या विमानांना खिडकीला झडप नसतेच, काचच एका बटणाने काळी होते, आणि मुख्य बटण त्यांच्याकडे. लोकांना झोप लागावी म्हणून. पाच तास व्हायला दहा मिनिटं कमी असताना आख्ख्या विमानात आकाश म्हणून उरलं नाही.

मोहनरावांनी घंटी दाबली. आलेल्या मुलीच्या छातीवर नीलांबरी असं नाव होतं, म्हणून त्यांनी सरळ मराठीतच सुरुवात केली. नव्वद दिवसांपासून. नीलांबरीने मध्येच हात जोडले. "काका, थोडक्यात."

"हिला चंद्र बघायचाय," मोहनराव म्हणाले.

नीलांबरी खाली वाकली आणि लीलावतीबाईंना हळूच म्हणाली, "संकष्टी ना? माझ्या आईचीपण असते. काकू, सगळ्या खिडक्या नाही उघडता यायच्या मला. पण मागे दारांना छोट्या काचा असतात, त्या काळ्या होत नाहीत. या."

लीलावतीबाई डबा घेऊन उठल्या. मोहनराव पिशवीवरचं गणित घेऊन पुढे झाले. हे दोघं ओळीओळीतून मागे चालले, तशी एक बाई उठली, तिच्या हाताला कोपरापर्यंत मेंदी. "भाईसाहब, चाँद के लिए?" त्या दिवशी उत्तरेकडच्या बायकांचा करवा चौथ असतो, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. मग आणखी एक उठली. मग डोंबिवलीच्या एक आजी, त्याही संकष्टीच्याच, हातात राजगिऱ्याचा लाडू. सगळ्या जणी इतका वेळ आपापल्या खुर्चीत एकेकट्या काळजी करत बसल्या होत्या. शेवटच्या रांगेपर्यंत पोचले तेव्हा मोहनरावांच्या मागे, लीलावतीबाई सोडून, नऊ बायका होत्या, त्यातल्या एकीकडे चहाची गाळणी आणि पायमोज्यांवर ओढत आणलेला अर्धवट झोपेतला नवरा.

"भाईसाहब, कब निकलेगा?" मेंदीवाली म्हणाली.

एकतीस वर्षं! मोहनरावांचा आवाजच बदलला. त्यांनी घड्याळ बघितलं, पिशवी बघितली. "तीन मिनिट में. बायीं तरफ." आणि ते वळून डाव्या हाताच्या दाराशी गेले.

सगळ्या जणींनी आळीपाळीने त्या बशीएवढ्या काचेला नाक लावलं. बाहेर डांबरासारखा काळोख. तीन मिनिटं झाली. सात झाली. "बादल होंगे," मोहनराव म्हणाले. तेहतीस हजार फुटांवर ढग! त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही. तेवढ्यात विमान हादरलं, पट्टे बांधायचा दिवा लागला आणि नीलांबरीने सगळ्यांना भिंतीच्या आसनांवर आणि रिकाम्या रांगेत दाबून बसवलं. मोहनराव त्या रांगेत दोन बायकांच्या मध्ये, गणिताची पिशवी मांडीवर घेऊन, दहावीला नापास झालेल्या मुलासारखे बसले. गुणाकार बरोबर होता. वजाबाकी बरोबर होती. लीलावतीची एकविसावी, आणि त्याच दिवशी आपण चुकावं! पोरगी पेटीत होती तेव्हा आपण काय केलं होतं? काहीच करता येत नव्हतं, म्हणून नकाशात फेल्डहोवन शोधून त्यावर बोट ठेवून बसलो होतो. हिने निदान नवस तरी केला. एक चंद्र दाखवायचा होता आपल्याला, एकच.

दिवा विझला. लीलावतीबाई उठल्या त्या डबा सावरत, आणि आधार म्हणून त्यांनी समोरच्या भिंतीला हात टेकला. तिथेही दार होतं. पलीकडच्या बाजूचं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "आपण मागच्या बाजूला तोंड करून चालत आलोय ना?"

मोहनरावांनी स्वतःचा डावा हात बघितला. विमानाचं नाक कुठे आहे ते आठवलं. शेपटीकडे तोंड केलेल्या माणसाची डावी ती विमानाची उजवी! नऊ बायकांना घेऊन ते दहा मिनिटं दक्षिणेला चंद्र शोधत होते.

लीलावतीबाईंच्या खांद्यावरून त्या दुसऱ्या काचेत चंद्र दिसत होता. थोडा खरवडलेला, तांबूस, आणि एवढा जवळ की दार उघडलं तर आत येऊन बसेल. खाली कुठलं गाव होतं कुणास ठाऊक, चार दिवे होते.

"काय झालं बहनजी?" मेंदीवालीने मागून विचारलं.

लीलावतीबाई वळल्या. "इन्होंने पहले वो साइड चेक किया," त्या म्हणाल्या. "पक्का करने के लिए. टीचर हैं."

मग काय सोहळा झाला! नीलांबरीने बर्फाची बादली धरली आणि लीलावतीबाईंनी कागदी कपातून त्यात चंद्राला अर्घ्य दिलं. राजानंदच्या जुड्या डब्याच्या झाकणावर मांडल्या, त्या फूटपट्टीने कापलेल्या पात्यांत एकही वाकडं नव्हतं. गाळणीतून नवरा बघितला गेला, त्याने जांभई दिली. विमान त्या बाजूला जरासं कललं, ते मुद्दाम कललं, असं लीलावतीबाई अजून शपथेवर सांगतात, आणि ज्यांनी तो चंद्र बघितलाय त्या नऊही जणी हो म्हणतील. लीलावतीबाईंनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. देवाचं नाव होतंच, पण मोहनराव जवळ उभे होते म्हणून त्यांना ऐकू आलं. मारेके. राजानंद, प्रमिला. भार्गवीचं पहाटे उठणं. ही समोरची पोरगी. शेवटी जरा थांबून, "आणि हे."

मोदक एकवीस. नऊ बायका, एक नवरा, नीलांबरी आणि तिच्या चार सोबतिणी झाल्या. पुढे चालवणाऱ्या दोघांना दोन गेले. जागेवर परत येताना हेन्क जागा होता, त्याच्या हातावर एक ठेवला. त्याने तो शेंड्याकडून खाल्ला. राहिले तीन. एक लीलावतीबाईंनी खाल्ला, दीड मोहनरावांनी, आणि अर्धा हेन्कने पुन्हा मागितला.

बोटं पुसून हेन्क म्हणाला, "मला एक सांगा. मुंबई आमच्यापासून नेमकी किती लांब आहे?"

मोहनरावांनी लीलावतीबाईंकडे बघितलं. त्या खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होत्या. पुढचा दीड तास हेन्क कुठेही जाऊ शकत नव्हता, पट्टा बांधलेला होता. हेन्कने मध्ये दोनदा खोकल्याची गोळी पुढे केली. मोहनरावांनी दोन्ही घेतल्या आणि चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडहून व्हिडिओ लावला तेव्हा पलीकडे स्वानंदी तो पृथ्वीचा गोल घेऊन जमिनीवर बसली होती. चिकटपट्टी निघाली होती. मोहनराव उत्साहाने म्हणाले, "बाळा, दाखव बरं, आजोबा कुठे आहेत?" तिने काही दाखवलं नाही. ती उठली, पृथ्वीवर नीट बसली, आणि फुस्स आवाज करत सगळी हवा गेली.

"अरे रे," भार्गवी म्हणाली.

"राहू दे, राहू दे!" मोहनराव ओरडले. "नको फुगवू!" चपट्या प्लास्टिकला घडी पडली होती आणि त्या घडीत ॲमस्टरडॅम नि मुंबई एकावर एक आले होते. स्वानंदीचा पाय दोन्हींवर होता.

लीलावतीबाईंनी चष्मा पुसला. "किती अंतर झालं हो आता?" त्यांनी विचारलं.

आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घरातून प्रश्न आला. मोहनरावांनी दोन बोटं एकमेकांना टेकवून दाखवली.